नदीवर न गेलेली माणसं

मंगळवार म्हणजे आमच्या भागात जाळायच्या कचऱ्याचा दिवस. मी पिशवीला गाठ मारत होते, एक पाय चपलेत गेला होता, तेवढ्यात मैत्रेयीचा फोन आला. मैत्रेयी ही शैलजाताईंची मुलगी. नागोयाला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. वाढली इथेच, त्सुकुबात, त्यामुळे माझ्याशी मराठीत सुरुवात करते आणि अडलं की जपानीत शिरते. "मावशी," ती म्हणाली, "आई..." आणि थांबली. मला वाटलं, रडते आहे. ती रडत नव्हती, शब्द शोधत होती. तिला 'मेली' एवढाच शब्द येत होता आणि तो आईसाठी वापरायचा नव्हता. 'गेली' म्हटलं तर कुठे गेली हा प्रश्न तिला लहानपणापासून पडायचा. शेवटी ती जपानीत म्हणाली, "नाकुनारिमाशिता." म्हणजे 'वारल्या', स्टेशनवरच्या घोषणेसारखं स्वच्छ आणि आदरार्थी. कचऱ्याची गाडी आली आणि गेली. पिशवी शुक्रवारच्या फेरीपर्यंत गॅलरीत राहिली.

दोन आठवड्यांनी दिनकररावांनी शोकसभा ठेवली. दिनकरराव म्हणजे शैलजाताईंचे यजमान, नद्यांचे अभ्यासक. नदी आपला मार्ग कशी बदलते यावर त्यांनी त्सुकुबातल्या एका संशोधनसंस्थेत उभा जन्म काढला. आता निवृत्त आहेत, पण व्हिजिटिंग कार्डावर अजून चार ओळी आहेत. हॉल भरला होता. टोकियोहून मराठी मंडळाची माणसं एक्स्प्रेस गाडीनं आली होती, संस्थेतले जुने सहकारी काळ्या सुटांत पुढच्या रांगेत होते. दिनकरराव मराठीत बोलणार आणि मैत्रेयी जपानीत सांगणार असं ठरलं होतं. तिनं चार-पाच वाक्यं नीट सांगितली. मग दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझ्या प्रत्येक नदीच्या काठावर शैलजा उभी होती." आमच्या मंडळातल्या बायकांनी रुमाल काढले. दिनकररावांनी तिच्याकडे पाहिलं. ती माईकमध्ये हळूच जपानीत म्हणाली, "हे मला जमणार नाही," आणि खाली जाऊन बसली. पुढच्या रांगेला वाटलं, पोरीला दुःख अनावर झालं. सगळ्यांनी माना लववल्या. दिनकररावांनीही लववली.

सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "नीलिमाताई, तुम्ही लिहिता ना पुरवणीत? शैलजावर एक होऊन जाऊ दे. गोड लिहा. मागचं काही उकरायला नको." होऊन जाऊ दे, जसा काही भज्यांचा घाणा काढायचा होता. मी "बघते" म्हटलं. तर दिनकरराव, बघितलं. हे घ्या.

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट दिवाळीच्या फराळाला झाली. माझे यजमान सॉफ्टवेअरच्या कामावर पुण्याहून नुकतेच इकडे आले होते आणि मला त्सुकुबा फार आवडलं होतं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, सायकलींना वेगळी वाट. मी ते कौतुकानं बोलूनही दाखवलं. कोपऱ्यात बसलेली एक उंच, किडकिडीत बाई म्हणाली, "पट्टी घेऊन बसलेल्या माणसाचं गाव आहे हे. चालून पाहिलंयत कधी? दुकान दिसतं आणि येत नाही." कुणीतरी घाईघाईनं ओळख करून दिली, "या मिसेस दिनकर." बाई म्हणाली, "मला नाव आहे." मग माझी करंजी खाल्ली आणि न विचारताच सांगितलं, की सारणात वेलची जास्त झाली आहे आणि पारी जाड. मला राग आला. घरी येऊन पुन्हा खाऊन पाहिली. पारी जाड होती.

त्या अशाच होत्या. गोड लिहा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शैलजाताई मनमिळाऊ नव्हत्या, प्रेमळ तर अजिबात दिसायच्या नाहीत. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलींना त्या पहिल्याच भेटीत रडवायच्या. "दिवसभर घरात काय करतेस? भाषा शीक, नाहीतर भांडं होशील," असं एकीला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. वाईट होतं ते. पण ती मुलगी आता इथल्या नगरपालिकेत दुभाषी आहे आणि शोकसभेत रुमाल न काढता रडणारी तीच एक होती.

पुण्यात शैलजाताई कॉलेजात भूगोल शिकवत. एम.एस्सी. झालेल्या, नकाशाशास्त्र त्यांचा खास विषय. दिनकररावांना इकडची जागा मिळाली तेव्हा "दोनच वर्षं" असं ठरलं होतं. अशी दोनच वर्षं या देशात आलेल्या कितीतरी बायकांची अजून चालू आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला आठवड्याला ठरावीक तासांचं बाइतो, म्हणजे फुटकळ काम, तेवढंच करता येतं. शैलजाताई कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, उभ्या राहिल्या, भाताचे त्रिकोण फळीवर लावले, गिऱ्हाईकांना वाकून नमस्कार केले. "मला वाकायचा राग नाही," त्या म्हणायच्या, "पण तो माणूस फक्त सिगारेट घ्यायला आलेला असतो गं."

नंतर संस्थेच्या ग्रंथालयाला एका जुन्या जपानी घराकडून नकाशांचा मोठा गठ्ठा देणगी म्हणून आला. त्या घरातले कुणी पूर्वज मेइजी काळात शेतीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेले होते आणि येताना पेटी भरून नकाशे घेऊन आले होते. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेच्या जमीनमोजणीचे आणि नद्यांचे. ग्रंथालयात ती वळणदार जुनी इंग्रजी अक्षरं कुणाला लागेनात. तेव्हा दिनकरराव मोठ्या मनानं म्हणाले, "माझी बायको घरीच असते." अशा तऱ्हेनं शैलजाताईंना त्यांचा विषय परत मिळाला. देणाऱ्याला आपण काय दिलं हे कधी कळलं नाही.

एका शनिवारी त्यांनी मला ते नकाशे दाखवायला नेलं. मला नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिथे मोठ्या टेबलावर पांढरे मोजे घालून त्यांनी एकेक कागद उलगडला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन, आणि त्याच्या पोटात एकेका मैलाचे छत्तीस चौकोन. शेजारी तसाच दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा. अख्खा देश असा बुद्धिबळाच्या पटासारखा कापला होता म्हणे. "डोंगर आला? चौकोन. दलदल आली? चौकोन. आधीपासून राहणारी माणसं आली?" त्यांनी बोटानं कोपऱ्यातलं बारीक अक्षर दाखवलं. "या नकाशावर त्यांचं नाव आहे. हा बघ नंतरचा. आता नाव नाही." त्या हे अत्यंत तुच्छतेनं सांगत होत्या, आणि कागदावरची धूळ मात्र मऊ ब्रशनं अशी झटकत होत्या, जसं काही तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं. नद्या तेवढ्या चौकोनांचं ऐकत नव्हत्या. फिकट निळ्या रंगाच्या, हातानं रंगवलेल्या, आडव्यातिडव्या जाऊन त्या सगळा पट विस्कटून टाकत. "हा एवढाच शहाणपणा आहे या कागदावर," त्या म्हणाल्या.

एक नकाशा तर चिंचोळा आणि लांबच लांब, लाकडी रुळावर गुंडाळलेला. मिसिसिपीवरच्या आगबोटीतल्या प्रवाशांनी हातात धरून उलगडत जायचा. शैलजाताईंनी तो मला थोडा सोडून दाखवला. डावीउजवीकडे गावांची नावं, मध्ये नदी. "साडीचा काठ वाटतो की नाही?" त्या म्हणाल्या. "आपल्याकडे नदीलाही काठ आणि साडीलाही. ज्यानं हा शब्द दिला तो नदीवर जाऊन आलेला होता." त्या दिवशी त्या हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून सांगते.

पुढची काही वर्षं त्यांचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहिलं नाही. दिनकररावांना मिसुरीला मिळणाऱ्या एका उपनदीत रस होता. ती नदी शंभर-दीडशे वर्षांत कशी सरकत गेली हे त्यांना संगणकावर मांडायचं होतं आणि त्यासाठी जुने काठ हवे होते. गठ्ठ्यात त्या नदीच्या एकाच पट्ट्याचे, वेगवेगळ्या दशकांतले तीन नकाशे निघाले. ते वाचायचे, त्यांचं माप एकमेकांशी जुळवायचं, काठ उतरवून घ्यायचे, हे सगळं शैलजाताईंनी केलं. नकाशांच्या मोठ्या छायाप्रती टेबलावर, त्यावर पारदर्शक कागद, हातात भिंग आणि बारीक टोकाची पेन्सिल. मैत्रेयी आणि दिनकरराव टीव्हीसमोर ताटं घेऊन बसत. मी जायची तेव्हा मला स्टूल मिळायचं आणि "बशी टेबलावर ठेवू नकोस" अशी तंबी.

अशाच एका संध्याकाळी मी तिथे होते. दिनकरराव घरी आले, बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "झालं का?" शैलजाताईंनी मान वर न करता सांगितलं, "पहिला आणि तिसरा झाला. दुसरा घेऊ नकोस."

"का?"

"हा माणूस नदीवर गेलाच नाही."

दिनकरराव हसले. शैलजाताईंनी त्यांना जवळ बोलावलं. त्या काळी जमीन मोजायला नेमलेल्या मोजणीदारांना मैलामागे मोबदला मिळायचा, त्यामुळे न चालता मैल भरायचा मोह मोठा होता. दुसऱ्या नकाशावरची नदी त्यांनी भिंगाखाली दाखवली. प्रत्येक चौकोनात एक वळण, सगळी वळणं एका मापाची, रांगोळीतल्या वेलबुट्टीसारखी. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याला जवळच्या झाडावर खूण करून त्याची जात आणि जाडी लिहून ठेवायची पद्धत होती, पुढे कोपरा हरवला तर झाड साक्षीला. या महाशयांच्या प्रत्येक कोपऱ्याला तेच झाड होतं, तितकंच जाड. "निसर्गात इतकी शिस्त नसते," शैलजाताई म्हणाल्या. "इतकी शिस्त तंबूत बसून लिहिणाऱ्याच्या हाताला असते. यानं नदी मनानं काढली आहे."

दिनकररावांनी भिंग हातात घेऊन दोनतीन वळणं बघितली. मला वाटलं, पटलं. ते म्हणाले, "पण दुसरा घेतला तर नदी मध्येच एकदम उडी मारून परत आलेली दिसते."

"तेच सांगतेय. उडी नदीनं मारलेली नाही."

"शैलजा, तुझं वाचून झालं ना? बाकीचं माझ्यावर सोड."

शैलजाताईंनी सोडलं. न सोडून काय करतील, संगणक नवऱ्याचा, संस्था त्यांची, लेख त्यांचा. नदीच्या त्या उडीवर दिनकररावांनी एक मोठा शोधनिबंध उभा केला. एका वजनदार नियतकालिकात तो आला, त्याला पुरस्कार मिळाला, मंडळानं सत्कार केला. सत्काराला मी होते. शाल, श्रीफळ, आणि पाठीमागच्या पडद्यावर ती वेलबुट्टीची नदी निळ्या-लाल रंगांत वळवळत होती. निबंधाच्या शेवटी आभारांत एक ओळ होती, 'घरच्यांच्या सहकार्याबद्दल'. शैलजाताई श्रीखंड वाढत होत्या. माझ्या वाटीत वाढताना पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बघ, किती समाधान आहे लोकांना." त्या एवढंच बोलल्या.

नंतर व्हायचं ते झालं. अमेरिकेतल्या कुणा अभ्यासकानं दाखवून दिलं की त्या मोजणीदाराची कितीतरी कामं अशीच घरबसल्या केलेली होती आणि ही नदी त्यांतलीच एक. नियतकालिकानं खुलासा मागितला. दिनकररावांनी तो पाठवला आणि छापूनही आला. त्यात लिहिलं होतं की जुन्या नकाशांचं वाचन लेखकाच्या पत्नीनं केलं होतं, त्यांना या क्षेत्राचं औपचारिक प्रशिक्षण नाही, आणि त्यामुळे राहिलेल्या त्रुटीबद्दल लेखकाला खेद वाटतो. पत्नीचं संपूर्ण नाव दिलं होतं, आडनावासकट. आभारांच्या ओळीत जे मावलं नव्हतं ते इथे मावलं.

शैलजाताई सायकलवरून माझ्याकडे आल्या. वारा सुटला होता, केस विस्कटले होते. दारातच त्यांनी पिशवीतून छापलेलं पान काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अगं, शेवटी माझं नाव छापून आलं." मी वाचलं. मी चहा टाकला. त्यांनी तो प्यायला आणि कपाचा कान तुटलाय हे सांगितलं. रडल्या नाहीत. कुणी लिहिलं असतं, 'त्यांचे डोळे पाणावले'. पाणावले नाहीत. डोळे अगदी कोरडे होते आणि ते पाहवत नव्हते.

घरी त्यांनी दिनकररावांना विचारलं. उत्तर शैलजाताईंनीच मला नंतर सांगितलं, त्यांच्या आवाजाची नक्कल करून. "तुला काय फरक पडतो? तुझं करिअर नाही. माझं आहे." मी या माणसाच्या हातचा आमरस खाल्ला आहे, त्यांच्या साठीला हार घातला आहे. पण हे वाक्य कळल्यापासून मला त्यांच्याकडे बघताना अंगणात कुणीतरी घाण करून गेल्यासारखं वाटतं. चूक कुणाकडूनही होते, खोटंही माणूस बोलतो. पण चूक आहे असं जिनं सांगितलं तिच्याच पदरात ती चूक बांधायची, आणि वर तिला समजावायचं की तुझ्या पदराला काही किंमत नाही, हे करायला फार शिकावं लागत असणार.

शैलजाताई गप्प बसल्या नाहीत. नियतकालिकाला कळवलं. उत्तर आलं की लेखक आणि त्याच्या संस्थेमार्फत अर्ज करावा. मग आम्ही दोघी संस्थेच्या प्रमुखांना भेटायला गेलो, त्या संध्याकाळची साक्षीदार म्हणून मी. प्रमुखांनी हिरवा चहा दिला, तांदळाची बिस्किटं दिली, शैलजाताईंच्या जपानीची तारीफ केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की हा घरगुती प्रश्न आहे असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, "मी तिथे होते. मी ऐकलंय." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मैत्रीण आहात ना?" आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि दार मिटेपर्यंत वाकून उभे राहिले. लिफ्टमध्ये शैलजाताई म्हणाल्या, "कोंबिनीत मीही अशीच वाकायचे. आत काही नसतं."

त्या वर्षीच त्या घराबाहेर पडल्या. घटस्फोट वगैरे नाही. "तेवढ्यासाठी पुन्हा त्याच्यासोबत रांगेत उभं राहावं लागेल," म्हणाल्या. शेजारच्या त्सुचिउरा गावात, तळ्याच्या बाजूला एक लहानसं घर भाड्यानं घेतलं. तोवर त्यांना स्वतःच्या नावावर राहण्याचा परवाना मिळाला होता, शाळांमधून इंग्रजी शिकवायचं काम होतं. दिनकररावांनी मंडळात सांगितलं की शैलजाला दम्याचा त्रास आहे, तळ्याची हवा मानवते. आणि आमचं मंडळ तरी काय! दमा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी संक्रांतीला तिळगूळ देताना "आता दमा कसा आहे हो?" असं दिनकररावांना विचारायचे, आणि ते "बराय, बराय" म्हणायचे. एका वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्याशा कागदावरून कुणी संसार मोडतं का?" मी म्हटलं, "वहिनी, संसार कागदावरच होता." त्यांना ते कळलं नाही.

त्सुचिउरात शैलजाताई बदलल्या असं मी म्हणणार नाही. घरमालकिणीच्या बागेतल्या कुंड्या चुकीच्या दिशेला आहेत हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं. पण जेवणाच्या टेबलावर आता त्या जेवत होत्या. सार्वजनिक सभागृहातल्या एका खोलीत शनिवारी सकाळी निवृत्त माणसांना जुने अमेरिकन नकाशे वाचायला शिकवतात, एवढं मला माहीत होतं. "ये एकदा," असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि बोलावल्याशिवाय त्यांच्याकडे कुणी जात नसे.

मग पोटाचं दुखणं निघालं, आणि निघालं तेच शेवटच्या टप्प्यावर. मैत्रेयी नागोयाहून दर आठवड्याला यायची, आईच्या उशाशी बसायची, दोघी जपानी-मराठीच्या खिचडीत भांडायच्या. मी शेवटची गेले तेव्हा खिडकीत मोठ्ठं खरबूज होतं, लाकडी खोक्यात, वर सोनेरी फीत. दिनकरराव येऊन गेले होते. शैलजाताई म्हणाल्या, "फळ आणलं. माफी मागायला आला होता, तोंडातून निघेना म्हणून फळ ठेवून गेला."

"तुम्ही माफ केलंत?" मी विचारलं.

"त्यानं मागितली कुठे?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण धार तशीच. थोडा वेळ डोळे मिटून पडल्या. मला वाटलं, झोपल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या मोजणीदाराचा मला आता राग येत नाही. विचार कर. थंडी, डास, हिवताप, दलदलीत कंबरभर पाणी, बरोबरची माणसं पळून गेलेली, आणि चालल्याशिवाय मोबदला नाही. तंबूत बसून काढली बिचाऱ्यानं नदी." दम घेतला. "दिनकरला कसला हिवताप होता गं?"

मी हसले. त्याही हसल्या असाव्यात, तोंडावरच्या नळीमुळे नीट कळलं नाही. खरबूज नर्सना दिलं. त्या आठवड्यातच मैत्रेयीचा तो फोन आला.

शोकसभेनंतरच्या शनिवारी मी त्सुचिउराला गेले. त्या सभागृहातल्या खोलीत शैलजाताईंचं काही सामान आहे, कुणीतरी घेऊन जावं, असा निरोप मैत्रेयीला आला होता आणि तिला रजा नव्हती. मला वाटलं होतं, कुलूप उघडून देतील, एक खोकं उचलायचं आणि निघायचं. पण दाराबाहेर चपला-बुटांची ओळ होती. आत आठ-दहा म्हातारी माणसं टेबलाभोवती वाकून उभी. कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी शाळामास्तर, एक बाई पूर्वी दातांच्या दवाखान्यात होत्या. सगळ्यांच्या हातात भिंगं. टेबलावर चौकोनाचौकोनांचा नकाशा पसरलेला, शैलजाताईंनी करून दिलेली मोठी छायाप्रत. शिकवणारी नव्हती, तरी वर्ग भरला होता. मी कोण ते सांगितलं. सगळ्यांनी माना लववल्या, एकानं खुर्ची दिली आणि लगेच सगळे परत कामाला लागले. दुःख व्यक्त करून घेण्यात कुणी वेळ घालवला नाही. ताईंना ते आवडलं असतं.

ती दातांच्या दवाखान्यातली बाई, कोबायाशी-सान, एका वळणावर भिंग धरून बराच वेळ बघत होत्या. मग सरळ झाल्या, टेबलावर बोट आपटलं आणि ठणकावून म्हणाल्या, "तापु!"

पोस्टमन वाकले. "कुठे?"

"इथे. आणि इथे. वळणं सारखी आहेत. झाडंही सारखीच. तापु."

"तापु, तापु," बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पोस्टमननी पेन्सिलीनं त्या नदीशेजारी जपानी अक्षरांत लिहिलं, तापु. मी बघितलं तर नकाशावर आणखी दोनतीन ठिकाणी तेच लिहिलेलं. मला आधी वाटलं, जपानी शब्द असेल, मला माहीत नसलेला. मग वाटलं, इंग्रजीतला काही असेल. कोबायाशी-साननी तो पुन्हा उच्चारला, वर बघून, भुवया उंचावून, ओठ तुच्छतेनं किंचित वाकडे करून, आणि एकदम माझ्या समोर शैलजाताई उभ्या राहिल्या. त्याच भुवया, तेच ओठ. बाई 'थाप' म्हणत होत्या. थ त्यांना म्हणता येत नव्हता, एवढंच.

मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. कोबायाशी-सानना वाटलं, मला समजलं नाही. त्या नम्रपणे समजावू लागल्या, की मोजणीदार जागेवर न जाताच जेव्हा नदी काढतो, तेव्हा त्या काठाला हे नाव आहे. सेनसेईंनी, म्हणजे त्यांच्या बाईंनी, पहिल्याच दिवशी शिकवलं. मग जरा संकोचून म्हणाल्या, "आम्ही पुस्तकांत खूप शोधला, सापडला नाही. हा मोजणीशास्त्रातलाच शब्द आहे ना?"

मी म्हटलं, "हो. शास्त्रातलाच आहे."

त्यांनी समाधानानं मान हलवली, भिंग पुसलं आणि पुढच्या चौकोनावर वाकल्या.